स्वालबार्डमधील लिटल ऑकची दिनचर्या कशी नोंदवावी
आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. म्हणून दगडांच्या फटीत एकच अंडे घालणाऱ्या लिटल ऑक या छोट्या समुद्रपक्ष्याचे निरीक्षण केवळ आपल्या सोयीच्या वेळी न करता, मध्यरात्रीसह सलग 24 तास, पाळ्या लावून करावे. दर 10 मिनिटांनी आखून घेतलेल्या एकाच चौकटीतील पक्षी मोजावेत. गळ्याची पिशवी फुगलेली दिसल्यास तो पालक पिल्लासाठी समुद्रातून कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जलजीव) घेऊन आला आहे असे समजावे. पालक लांब फेरीनंतर अनेक आखूड फेऱ्या करतात, त्यामुळे पायातील रंगीत कड्यांवरून पक्षी निश्चित ओळखता आला तरच फेरीचा कालावधी लिहावा. ग्लॉकस कुरव हा शिकारी पक्षी येताच सारा थवा उडतो. ही वेळ आवर्जून वेगळी नोंदवावी, अन्यथा भीतीने रिकामी झालेली वसाहत चाऱ्यासाठी गेली असे भासते.