मुंबई-दुबई फ्लाइटला खरा वेळ किती लागतो ते असं काढा

तिकिटावर मुंबईहून सकाळी १० ला निघून दुबईत ११:४५ ला पोचणार असं दिसलं की घरच्यांना वाटतं पावणेदोन तासांत पोचतोय, पण तसं नसतं, दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं.

१. जाताना तिकिटावरच्या फरकात दीड तास मिळवा, म्हणजे सव्वातीन तास. लहान मूल सोबत असेल तर दूध-खाऊ याच हिशोबाने घ्या.
२. येताना दीड तास वजा.
३. ताळा करायचा तर हवाई अंतर सुमारे १९०० किमी, भागिले विमानाचा ताशी वेग ८०० किमी, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास, तीनच्या आसपास येतं.

लंडनला मात्र जपून, तिथे हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो.