कामगंध सापळा रिकामा दिसला तर आधी रात्रीचं हवामान आठवा

मका उगवून आला की एकरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे सापळे, लावा. ल्युअर, म्हणजे सापळ्यातलं वासाचं आमिष, मका पोखरणाऱ्या लष्करी अळीचीच घ्या. घाटेअळीची इथे चालत नाही. सापळा शेंड्याच्या जरा वर ठेवा, पीक वाढेल तसा वर सरकवा आणि पाकिटावरची मुदत संपली की ल्युअर बदला. एवढं कुणालाही जमतं.

न जमणारं काम म्हणजे सकाळचा आकडा वाचणं. ‘सापळ्यात काही नाही, निवांत राहा’ हा सल्ला आमच्या नाशिक जिल्ह्यात, येवल्या-चांदवडकडे सर्रास दिला जातो आणि त्यापायी चांगले प्लॉट पोखरले जातात. सापळ्यात या अळीचा फक्त नर पतंग येतो, तोही वासाचा माग काढत वाऱ्याच्या उलट दिशेने. रात्रभर जोराचा वारा असला की वास विस्कटतो आणि पतंगालाही त्या वाऱ्यापुढे जाता येत नाही. पावसाची झड लागली की तो पानाआड बसून राहतो. रब्बीच्या मक्यात, निफाडचा पारा दहाच्या खाली गेला की त्याचं उडणंच जवळजवळ थांबतं. अशा रात्रींचं शून्य हिशोबात धरूच नका. वहीत आकड्याशेजारी वारा, पाऊस आणि थंडी लिहा. नुसत्या आकड्याला माझ्या लेखी किंमत नाही.

वाऱ्याची दिशाही लिहा. हा पतंग रात्री उंच चढतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जाऊ शकतो. 2018 मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडलेली अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली होती. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो; परतीच्या पावसानंतर तो फिरतो आणि पूर्वेकडून, संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड-सिल्लोडच्या मक्याकडून येऊ लागतो. तिकडे अळीचा जोर असल्याचं कानावर आलं की आपला सापळा रिकामा असला तरी शेतात उतरा. वाटेत पाऊस लागला की उडते पतंग खाली बसतात, म्हणून पावसानंतरची पहिली शांत, उबदार रात्र सगळ्यात महत्त्वाची. त्या सकाळचा आकडा खरा.

तिथून दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पानावर करड्या लवीने झाकलेले अंडीपुंज आणि हिरवा भाग खरवडून उरलेले पांढरे पापुद्रे शोधा. पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, उघडून बघा. आत लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा असेल तर अळी मोठी झाली, तुम्ही उशिरा आलात. पाच ठिकाणी वीस-वीस झाडं तपासा. कोवळ्या पिकात शंभरात पाच झाडं लागलेली दिसली, किंवा सापळ्यामागे रोज एक पतंग येऊ लागला, की थांबू नका.

अळी लहान असताना 5 टक्के निंबोळी अर्क किंवा 1500 पीपीएमचं ॲझाडिरेक्टिन (कडुनिंबापासूनचं कीटकनाशक) लिटरला 5 मिली, संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात धरून मारा. लगेच जोराची सर आली तर उघडीप मिळताच पुन्हा फवारा.