गाडीच्या बोर्डासाठी चिप घेताना

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) गाड्यांचे सर्किट बोर्ड भरत असाल, तर चिपचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. मोबाइल चार्जरमधली आणि गाडीतली चिप पुष्कळदा एकाच घरची असते, फरक नंबराच्या शेपटीत. गाडीच्या चिपेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी ‘-क्यू१’ लावते, नेदरलँड्सची नेक्सपेरिया ‘-क्यू’. डेटाशीटमध्ये (चिपेच्या माहितीपत्रकात) गाडीसाठीच्या चाचण्यांचं मानक लिहिलेलं हवं: आयसीला एईसी-क्यू१००, डायोड-ट्रान्झिस्टरला क्यू१०१. ग्रेड म्हणजे चिप किती तापमानात चालते ते: ग्रेड २ म्हणजे उणे ४० ते १०५ अंश, ग्रेड १ म्हणजे १२५ पर्यंत. इंजिनाजवळ निदान ग्रेड १ घ्या. शून्य ते ७० अंशांची साधी चिप बडोद्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत घालू नका.

‘माल युरोपचा आहे’ एवढ्यावर जाऊ नका. २०२५ मध्ये नेक्सपेरियाचे बरेच वेफर (चिपा कोरलेल्या सिलिकॉनच्या चकत्या) जर्मनीत हॅम्बुर्गला होत, पण पॅकेजिंग, म्हणजे चिपेला पाय आणि कवच लावणं, बहुतांश चीनमध्ये. त्या ऑक्टोबरमध्ये चीनमधून निर्यात अडली आणि काही रुपयांच्या सुट्या भागांपायी मोटार कारखाने अडचणीत आले. म्हणून बीसी८४७ सारख्या ट्रान्झिस्टरला दुसरा उत्पादक आधीच हेरा, पायांची रचना ताडून पाहा आणि गिऱ्हाइकाची लेखी मंजुरी घ्या. घाईत बदललेला भाग ऑडिटमध्ये पकडला जातो.

ऑर्डर रद्द करताना दहादा विचार करा. २०२० मध्ये मोटार कंपन्यांनी ऑर्डरी मागे घेतल्या, फाउंड्रींनी (दुसऱ्यांसाठी चिपा बनवणाऱ्या कारखान्यांनी) ती जागा फोन-लॅपटॉपच्या चिपांना दिली. वेफर तयार व्हायलाच महिने लागतात. गाड्यांना मागणी परतली तेव्हा रांगेत शेवटी उभं राहावं लागलं.

खरा घात मात्र पावसाळ्यात होतो. पाकिटावर एमएसएल ३ (ओलाव्यापासून किती जपायचं याची पातळी) लिहिलं असेल, तर फोडल्यापासून १६८ तासांत चिप बोर्डावर सोल्डर व्हायला हवी, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैत बिनएसीच्या खोलीत हा हिशेब लागूच नाही. ओलावा शोषलेली चिप रिफ्लोच्या (सोल्डर वितळवण्याच्या) भट्टीत आतून लाहीसारखी फुटते. वरून काही दिसत नाही, बोर्ड चाचणीही पार करतो, आणि सहा महिन्यांनी गाडी परत येते. पाकिटातल्या ओलावा दाखवणाऱ्या कार्डावरचा १० टक्क्यांचा ठिपका रंग बदलून बसला असेल, तर चिपा भाजा: उष्णता सोसणाऱ्या ट्रेमध्ये, १२५ अंशांवर, जाडीनुसार ठरलेले तास. चिपांची पट्टी गुंडाळलेल्या रीलसकट नको, प्लास्टिक वाकडं होतं. आणि पुन्हा पुन्हा भाजू नका. ९० अंशांवरचे एकूण तास ९६ च्या आत ठेवा, नाहीतर पाय काळवंडतात आणि सोल्डर धरत नाही.

खुल्या बाजारातून घेतलेल्या चिपेवर ॲसिटोनचा बोळा फिरवा. काळा रंग बोळ्याला लागला, तर जुनी चिप घासून नवी केलेली आहे. एकाच रीलमध्ये २४३१ आणि २३०८ असे दोन तारीख-कोड निघाले, म्हणजे २०२४ चा एकतिसावा आठवडा आणि २०२३ चा आठवा, तर पूर्ण रील परत करा.