कॉलेट चकचा पाना: मशीनचं नाव नको, नटाचं माप सांगा

ईआर-३२ कॉलेटच्या नटाला ३२चा पाना लागत नाही. कॉलेट म्हणजे टूलची दांडी आवळून धरणारी, चिरा असलेली नळी; तिला आवळतो तो हा नट. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या टूल स्टोअरच्या खिडकीशी नवीन पोरगं आलं की हमखास म्हणतं, "मामा, बत्तीसचा पाना द्या." मी विचारतो, नट मोजलास का? तर म्हणतं, "त्याच्यावर लिहिलंय की बत्तीस." लिहिलंय खरं, पण तो आकडा कॉलेटचा. ईआर मालिकेतला नंबर म्हणजे कॉलेटच्या जाड टोकाचा अंदाजे व्यास. ईआर-३२ कॉलेटचं जाड टोक ३३ मिमीच्या आसपास भरतं. त्याच्यावर बसणारा नट बाहेरून ५० मिमीचा, आणि त्याला सपाट बाजू नसतात, खाचा असतात. दुतोंडी पाना तिथं काय करणार? गंमत अशी की तोच ३०×३२चा पाना ३०च्या तोंडानं ईआर-२०च्या षटकोनी नटावर चपखल बसतो.

तेव्हा पाना मागताना मशीनचं नाव सांगू नका, नुसता कॉलेटचा नंबरही सांगू नका. "बीएफडब्ल्यूचा पाना", "व्हीएमसीचा पाना" असं काही नसतं. बीएफडब्ल्यू ही मशीनची कंपनी, व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन. एकाच व्हीएमसीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे टूल ठेवायच्या कप्प्यांत, ईआर-१६चे दोन होल्डर (कॉलेट ज्यात बसते ते) असतात आणि दोघांचे नट वेगळे असतात. पाना ठरतो नटावरून.

ईआर हा प्रकार स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सनं १९७०च्या दशकात आणला. पुढे तो डीआयएन ६४९९ या जर्मन मानकात आला, म्हणून आज कुठल्याही कंपनीचा होल्डर घेतला तरी मापं बहुतेक तीच मिळतात. नट मुख्यतः तीन जातींचे.

पहिली जात षटकोनी. ईआर-११, १६ आणि २० यांच्यावर हाच नट जास्त दिसतो. समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर ईआर-११ला १७, ईआर-१६ला २५, ईआर-२०ला ३० मिमी. इथं वेगळा पाना विकत आणायची गरज नाही. १६×१७, २५×२८ आणि ३०×३२ हे साधे दुतोंडी पाने स्टोअरमध्ये असतातच. फक्त तोंड पसरलेला जुना पाना वापरू नका. आणि स्क्रू पाना तर मी या कामाला देतच नाही. त्याचा सरकता जबडा जोर आला की किंचित मागं जातो, नटाच्या कडा मरतात, आणि मग चांगला पानाही घसरायला लागतो.

दुसरी जात बाहेरून गोल आणि घेरावर खाचा असलेली. हिला यूएम म्हणतात. ईआर-२५चा नट बाहेरून ४२ मिमी, ३२चा ५०, ४०चा ६३. याचा पाना चंद्रकोरीच्या आकाराचा, आतून दात असलेला. एकापेक्षा जास्त खाचांत दात बसतात, त्यामुळे जोर वाटला जातो.

तिसरी जात मिनी, आणि स्टोअरमधली निम्मी भांडणं हिच्यामुळे. कामातल्या खोल खड्ड्यात (पॉकेट) किंवा काम धरणाऱ्या फिक्श्चरच्या भिंतीलगत जाता यावं म्हणून हिचा व्यास कमी ठेवलेला असतो: ईआर-११ला १६, ईआर-१६ला २२, ईआर-२०ला २८, ईआर-२५ला ३५ मिमी. खाचा पुढच्या कडेला असतात. पाना बाजूनं लागत नाही, समोरून टोपीसारखा घालावा लागतो. त्याच्या कडेला किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखे दात असतात. हा पाना दुसऱ्या कशानं भागत नाही, तो घ्यावाच लागतो. मिनीचे आटेही वेगळे. ईआर-१६च्या साध्या नटाला एम२२×१.५ (व्यास २२, दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी), मिनीला एम१९×१. त्यामुळे "पाना नाही ना, मग मोठा नट लावू" हा तोडगा चालत नाही.

आता मोजायचं कसं. होल्डर बाहेर काढा, कूलंट आणि बुरा पुसून घ्या. षटकोनी नट असेल तर व्हर्नियरचे जबडे दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंवर ठेवा, कोपऱ्यांवर नको. खाचांचा असेल तर जबडे खाचेत न घालता दोन खाचांमधल्या उंच भागावर ठेवून बाहेरचा व्यास घ्या. व्हर्नियर थोडा फिरवून सगळ्यांत मोठा आकडा धरा. ४९.९ आला तर तो ५०च.

मोजता मोजता खाचेची कडा बोटानं चाचपून बघा. घट्ट करताना जिथं दात टेकतो ती एक बाजू आणि उलट सोडवताना टेकतो ती दुसरी. चुकीचा पाना लागत आला असेल तर त्यातल्या एका कडेवर धातू वर दुमडून चकाकणारी बारीक ओठी तयार झालेली असते. ती अर्ध्या खोलीपर्यंतच असेल तर समजा, पान्याचा दात तळापर्यंत बसत नव्हता. बारीक कानशीनं ओठी काढा आणि दुसरा पाना बघा. कडा तिरकी झाली असेल तर पाना शोधत बसू नका, नट बदला. नट स्वस्त आहे. छिन्नी लावून हातोड्यानं ठोकलेला नट मी लगेच ओळखतो. खाचेच्या तोंडाशी तिरपे घाव असतात आणि विचारलं की सगळे दुसऱ्या पाळीचं नाव घेतात.

हुक पाना, म्हणजे सी पाना, चालतो का? यूएम नटाला अडीअडचणीला चालतो. त्याच्यावर रेंज लिहिलेली असते. ४०-४२चा ईआर-२५ला बसतो, ४५-५०चा ईआर-३२ला. पण तो एकाच खाचेवर ओढतो, म्हणून नटाला बाजूला रेटतो आणि पूर्ण जोर आला की निसटतो. रोजच्या कामाला दातांचा पानाच ठेवा. जुन्या मिलिंग मशीनवर मात्र ओझेड या वेगळ्या जातीच्या कॉलेटचा चक निघतो, डीआयएन ६३८८चा. त्यातल्या ओझेड-२५चा नट बाहेरून ६० मिमी. तिथं ५८-६२चा हुक पानाच लागतो. तो नट बघून कोणी ईआर-४० समजून ६३चा पाना नेला तर तो सैल बसतो, आणि मग दोष पान्याला. आधी कॉलेट काढून बघा, तिच्यावर नंबर कोरलेला असतो.

कधी कधी पाना बरोबर असतो आणि तरी टूल फिरतं. अशा वेळी कॉलेट बघा. ईआर-१६ आणि त्यापुढच्या बहुतेक कॉलेट १ मिमीच आवळतात, ईआर-११ आणि लहान मापांच्या ०.५ मिमी. १०-९ लिहिलेल्या कॉलेटमध्ये ८चा एन्डमिल (मिलिंगचं टूल) घातला तर नट तळाला टेकेल, पण टूल धरलं जाणार नाही. दुसरं म्हणजे कॉलेट आधी तिरकी करून नटाच्या आतल्या कड्यात टक्कन बसवायची, मग नट होल्डरवर फिरवायचा. कॉलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट चढवला तर ती कड्यात नीट बसत नाही, रनआउट येतो म्हणजे टूल डगमगत फिरतं, आणि सोडवताना कॉलेट आतच अडकते. रिकामी कॉलेट आवळायची नाही, हे तर फलकावर लिहून लावलंय.

जोर किती? ईआर-१६च्या साध्या नटाला कमाल ५६ न्यूटन-मीटर, ईआर-२५ला १०४, ईआर-३२ला १३६. टूलची दांडी (शँक) बारीक असेल तर याच्यापेक्षा बरंच कमी, आणि मिनीला तर आणखी कमी. १३६ म्हणजे ३०० मिमी लांब पान्याच्या टोकाला साधारण ४६ किलोची ओढ. धडधाकट माणूस पाय रोवून हाताने एवढं ओढतो. त्याला आणखी हातभर पाईप लावला की जोर दुप्पट होतो, आणि तो कॉलेटला नको असतो, आट्यांनाही. माझ्याकडे पाईप मागायला आलेल्याला मी आधी कॉलेट पुसून, होल्डरचा टेपर (निमुळता भाग) कोरडा करून यायला सांगतो. बहुतेक जण परत येत नाहीत.

दुसरा हात कुठं, हाही पान्याचाच प्रश्न. बीटी-४० मापाचा होल्डर मशीनच्या स्पिंडलमध्ये (टूल फिरवणाऱ्या दांड्यात) ठेवून आवळू नका आणि व्हाइसमध्ये टेपरवर तर अजिबात धरू नका. बेंचवर होल्डर धरून ठेवणारं टायटनिंग फिक्श्चर बोल्टनं बसवा. सीएनसी राउटरच्या स्पिंडलला मात्र दोन पाने लागतात, एक नटाला आणि एक शाफ्टवरच्या सपाट बाजूंना. १.५ किलोवॉटच्या चायनीज स्पिंडलवर बहुधा ईआर-११ असतो, २.२वर ईआर-२०. नटाचं माप वर दिलंय, पण शाफ्टच्या सपाट बाजू मोजूनच घ्या, त्या बनवणाऱ्याप्रमाणे बदलतात. आधी वीज बंद, आणि काम झालं की दोन्ही पाने खाली उतरले का ते बघूनच चालू.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात किंवा फोनवर मागवलंत तर दुकानदाराला चार गोष्टी सांगा: कॉलेटचा नंबर, नटाची जात, बाहेरचं माप किंवा सपाट बाजूंमधलं अंतर, आणि खाचा घेरावर आहेत की पुढे. "ईआर-१६, मिनी, बाहेरून २२, खाचा पुढे" एवढं म्हटलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. शक्य असेल तर नटच खिशात घालून न्या, आणि पाना त्याच्यावर बसवून दोन्ही बाजूंनी हलवून बघा. दात खाचेच्या तळापर्यंत जायला हवा आणि हातात खडखड वाजायला नको.