गाडीच्या लोनला जामीन राहताय? या चुका टाळा

दसरा-पाडवा जवळ आला की लोनच्या फायली घेऊन लोक येतात आणि जामीनदाराच्या रकान्यात कोणीतरी भावजी नाहीतर ऑफिसातला मित्र असतो, ज्याने एक पानही वाचलेलं नसतं. "नुसती सही तर आहे" हे ऐकलं की डोकं फिरतं माझं.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे आधी कर्जदाराच्या मागे लागतील, तो नाहीच म्हणाला तर माझ्याकडे येतील. नाही हो! करार कायदा १८७२, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, आणि आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६८ सालीच सांगून टाकलंय.

ओळखीतले एक झेडपीचे मास्तर मेव्हण्याच्या गाडीला जामीन राहिले, लोन पतसंस्थेचं. मेव्हण्याने गाडी भाड्याने लावली, धंदा बसला, हप्ते थकले. मास्तरांना नोटीस आली तर ती "तुझी आहे रे" म्हणून त्यांनी मेव्हण्यालाच नेऊन दिली, सुनावणीला गेलेच नाहीत. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला, त्यात दोघांची नावं, आणि मेव्हण्याला पगारच नाही म्हटल्यावर संस्था कुठे जाणार, मास्तरांच्या पगारातून कपात सुरू. दाखल्याविरुद्ध रिव्हिजनला, म्हणजे तो फेरतपासून घ्यायला वर जायचं तर वसुलीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते हे त्यांना तेव्हा कळलं. म्हणून नोटीस आली की त्याच आठवड्यात लेखी उत्तर आणि तारखेला हजर, फोनवर "बघतो" म्हणणं म्हणजे उत्तर नव्हे.

पुढे गाडी ओढून नेली तेव्हा मास्तर म्हणाले सुटलो एकदाचा. कसलं काय, लिलावात गाडी गेली पडत्या भावात, लिलावाचा खर्च त्यातूनच वळता झाला आणि उरलेल्या रकमेचं पत्र व्याजासकट परत यांच्याच दारात. गाडी गेली म्हणजे कर्ज फिटलं असं नसतं, ही दुसरी चूक मी इतक्यांदा बघितलीये की आता सांगायचाही कंटाळा येतो.

बरं, जामीनदाराला हक्क आहेत की. तुम्ही भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करता येतात (करार कायदा, कलम १४५), आणि सगळं देणं तुम्ही फेडलंत तर गाडीवरचा संस्थेचा हक्क तुमच्याकडे येतो. पण पुरावा? मास्तरांनी काही हप्ते मेव्हण्याच्या हातात रोख दिले होते, आता बसा सिद्ध करत. भरायचेच तर स्वतःच्या बँक खात्यातून थेट लोन खात्यात, पावती फायलीत. घरातल्या घरात मिटवू हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

कोरा चेक सही करून देऊ नका, तो बाऊन्स झाला तर चेक बाऊन्सचं कलम १३८ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा) जामीनदारालाही लागतं.

सिबिलमध्ये हे लोन तुमच्याही नावापुढे दिसतं. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, मी जानेवारीतच काढतो.

आरसीवर तुमचं नाव नाही, त्यामुळे हप्ते थकले म्हणून गाडी आपल्या दारात आणून लावायची नाही, भांडण वाढतं.

मधेच "माझं नाव काढा" असं पत्र देऊन सुटका होत नाही, संस्थेला दुसरा जामीनदार पटला तरच.

बँक किंवा एनबीएफसीचे (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीचे) वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, केला तर रेकॉर्ड ठेवा आणि तक्रार टाका.

हप्त्यांची मुदत तुम्हाला न विचारता वाढवली तर करार कायद्याच्या कलम १३५ खाली जामीन सुटू शकतो, पण बहुतेक करारांत बारीक अक्षरात तो हक्क तुम्ही आधीच सोडलेला असतो. घाई झालेली मंडळी नेमकं तेच पान उलटतात. मी सहीआधी करार घरी नेतो, एक दिवस ठेवतो, शोरूमवाला कितीही "आजच ऑफर संपतेय" म्हणू दे. सही केलीच तर लोन खात्याचा नंबर लिहून घ्यायचा आणि दर तीन महिन्यांनी कर्जदाराकडून स्टेटमेंट मागायचं, तो चिडला तरी. लोन संपल्यावर गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आरटीओत तो भरेल, तुम्ही मात्र तुमच्या नावाचा उल्लेख असलेला बेबाकी दाखला (देणं बाकी नाही असं पत्र) घेऊनच या.