सहा, सात, आठ: नागपुरात बसून बॅक रो मोजायला मी कशी शिकले

रग्बीच्या मॅच अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे मॅच बघून खेळाडूंचं काम मोजण्यात, यायचंय, सुरुवात कुठून करू, असं आपल्याकडची दोन-तीन पोरं-पोरी मला विचारून राहिलेत, तर एकदाच नीट लिहून काढते. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केलं, सकाळी साडेपाचला ग्राउंडवर जायचं (मे महिन्यात त्यानंतर नागपुरात पळणं शक्यच नाही), सातला कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे आणि मग कॉलेज, असं चालायचं. क्लबात मी ओपनसाईड फ्लँकर. त्यामुळे डोळा आपोआप बॅक रोवरच जायचा आणि माझं सगळं शिक्षण तिथूनच झालं.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. पंधरापैकी आठ जण फॉरवर्ड, स्क्रममध्ये (दोन्ही टीमचे फॉरवर्ड खांदे भिडवून ढकलतात तो) त्यातले शेवटचे तिघे म्हणजे बॅक रो. ६ नंबर ब्लाइंडसाईड फ्लँकर, ७ ओपनसाईड, ८ नंबर एट. ब्लाइंडसाईडवाला सहसा धिप्पाड, टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडणं) आणि लाइनआउटचं (बाहेर गेलेला बॉल आत फेकतात तेव्हा उंच उडी मारून घेणं) काम जास्त, ओपनसाईडवाला बॉल खाली पडला की सगळ्यात आधी पोचणारा, आणि आठवाला बॉल घेऊन घुसणारा. पण इथेच पहिला खड्डा आहे बरं का, साऊथ आफ्रिकेत ६ आणि ७ उलटे असतात. सिया कोलिसी ६ घालतो पण तो ओपनसाईड, पीटर-स्टेफ दु टॉय ७ घालतो पण काम ब्लाइंडसाईडचं. जर्सीचा नंबर बघून ६ समोर ६ ठेवला तर तुलना सुरुवातीलाच चुकली.

माझी पहिली तुलना २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलची. मॅच पॅरिसला, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, घरचे झोपलेले, मी आवाज बंद करून मोबाइलवर. साऊथ आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. दु टॉयनं त्या मॅचमध्ये २८ टॅकल केले, प्लेअर ऑफ द मॅच तोच. मी दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅक रोंचा तक्ता केला, एकीकडे कोलिसी, दु टॉय, वरम्यूलन, दुसरीकडे शॅनन फ्रिझेल, सॅम केन, आर्डी सव्हेया, आणि खाली लिहिलं की दु टॉय सगळ्यात जास्त मेहनती. तो तक्ता एका अ‍ॅनालिस्टला नमुना म्हणून पाठवला. त्याचं एका ओळीत उत्तर आलं: बॉल जास्त वेळ कोणाकडे होता?

न्यूझीलंडकडे होता. एक माणूस कमी असूनही त्यांनी बॉल जास्त वेळ ठेवला. मग साऊथ आफ्रिकेला टॅकल जास्त करावेच लागणार ना. दु टॉयचं काम अफाट होतं याबद्दल मला शंका नाही, न्यूझीलंडच्या जॉर्डी बॅरेटला त्यानं ज्या तऱ्हेनं आडवं केलं ते मी अजूनही परत परत बघते, पण २८ हा आकडा एकटा घेतला तर तो त्या माणसाइतकाच मॅचबद्दलही सांगून राहिला असतो, आणि हे दोन वेगळे करणं हेच आपलं काम.

हिशोब सोपा आहे. समजा अ नावाच्या फ्लँकरनं १५ टॅकल केले आणि समोरच्या टीमकडे बॉल २० मिनिटं होता, ब नं १२ केले आणि समोरच्यांकडे बॉल फक्त १२ मिनिटं. अ चे मिनिटाला पाऊण, ब चा मिनिटाला एक. वर अ चे ५ टॅकल सुटले आणि ब चा १, म्हणजे अ ७५ टक्के, ब ९२. ज्यानं कबड्डी बघितली त्याला हे समजवावं लागत नाही, कोपऱ्यातल्या डिफेंडरच्या पकडी किती यापेक्षा किती प्रयत्नांत किती, आणि रेडरला लाइनीपासून लांब दाबला की लाइनीला हात लागता लागता, हे आपण बघतोच. रग्बीतही तसंच, रकच्या (खाली पडलेल्या बॉलवर दोन्ही बाजूचे उभ्यानं भिडतात तो) किंवा स्क्रमच्या मधून आडवी एक काल्पनिक रेषा धरायची, तिला गेनलाइन म्हणतात, कॅरिअरला, म्हणजे बॉल घेऊन येणाऱ्याला, तिच्या मागेच पाडलं तर तो टॅकल वेगळ्या कॉलममध्ये. दोघांनी मिळून पाडला तर पहिला कोण, मदतीला कोण, तेही वेगळं.

आता कार्ड. ८० मिनिटं सगळ्यांना सारखी मिळत नाहीत. त्या फायनलमध्ये फ्रिझेलला सुरुवातीलाच यलो, म्हणजे दहा मिनिटं बाहेर, कोलिसीला सेकंड हाफच्या सुरुवातीला यलो, आणि केनला पहिल्या अर्ध्या तासातच यलो मिळून मग त्याचं रेड झालं, म्हणजे उरलेली मॅच बाहेर, पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलं रेड. केनचे आकडे दुसऱ्या कोणासमोर ठेवण्यात अर्थच नाही, आणि त्याच्या वाटचं काम सव्हेया आणि बाकीच्यांवर पडलं हेही लक्षात ठेवावं लागतं. अजून एक गंमतशीर अडचण म्हणजे साऊथ आफ्रिकेचा हुकर (स्क्रमच्या पहिल्या ओळीतला मधला) बोंगी म्बोनाम्बी लवकर जखमी झाला आणि त्याच्या जागी डिऑन फूरी आला, जो फ्लँकर म्हणूनही खेळतो. त्याच्या अंगावर जर्सी हुकरची पण रकवर तो फ्लँकरसारखाच तुटून पडतो, मग साऊथ आफ्रिकेचा बॅक रो तिघांचा धरायचा की साडेतीन जणांचा? मी त्याची वेगळी ओळ ठेवते.

जॅकलिंग, म्हणजे पाडलेल्या माणसाकडून बॉल हिसकावणं, मोजणं मला सगळ्यात अवघड गेलं. टॅकल झाला की टॅकलरनं सोडायचं, आणि जो बॉलला हात घालेल त्यानं स्वतःच्या पायावर उभं राहून घालायचा, रक तयार व्हायच्या आधी. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड पोकॉक हे करायचा तेव्हा दोघं-तिघं मिळूनही त्याला हलवता यायचं नाही, न्यूझीलंडच्या रिची मॅकॉनं तर १४८ टेस्ट (आंतरराष्ट्रीय मॅच) याच कामावर काढल्या म्हटलं तरी चालेल. स्टॅटशीटवर फक्त जिंकलेले टर्नओव्हर (समोरच्यांकडून मिळवलेला बॉल) येतात. पण ज्या वेळी बॉल मिळाला नाही आणि समोरच्यांचा बॉल तीन-चार सेकंद अडकून राहिला, तेवढ्यात आपली लाइन उभी राहिली, ते कुठेच दिसत नाही. म्हणून टॅकलपासून बॉल बाहेर येईपर्यंत किती सेकंद लागले हे मी लिहिते. कंटाळवाणं आहे, पण खरा फ्लँकर तिथे सापडतो.

अटॅकमध्ये बॉल घेऊन किती मीटर गेला ते बघून लगेच खूश होऊ नका. किक पकडून मोकळ्या मैदानात १५ मीटर पळणं आणि रकच्या बुडाशी बॉल घेऊन दोघांना अंगावर घेत दीड मीटर पुढे जाणं, यात दुसरं महाग आहे. सव्हेया नंबर एटच्या मानानं काही फार मोठा माणूस नाही, पण टॅकल लागल्यावरही त्याचे पाय चालूच असतात, म्हणून त्याच्यासाठी टॅकल लागल्यानंतरचे मीटर बघा. आणि कॅरी नाही केली, म्हणजे बॉल घेऊन घुसला नाही, म्हणजे काम नाही केलं असंही नाही, अटॅकिंग रकवर पहिला-दुसरा कोण पोचला, कोणी समोरच्याला साफ केलं, हे मोजलं की कमी कॅरीवाला फ्लँकर एकदम वर येतो.

साधनं विचारतात सगळे. मी पहिली दोन वर्षं व्हीएलसी (व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल यावरच काढली, ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, चौकटी कंसानं स्पीड कमी-जास्त. एका वेळी एकच खेळाडू, पूर्ण मॅच, बॉलकडे बघायचंच नाही. पाडलं की किती सेकंदात उभा राहिला, तेही. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो, त्यामुळे तुमचा माणूस बराच वेळ फ्रेममध्ये नसतो, तिथे शून्य टाकू नका, 'दिसला नाही' असा वेगळा कोड ठेवा, मी शून्य टाकत होते आणि बाजूला राहणाऱ्या फ्लँकरवर सहा महिने अन्याय करत होते. आठवड्यानं तीच मॅच परत कोड करा, म्हणजे बघून प्रत्येक गोष्ट तक्त्यात नोंदवा, दोन्ही तक्ते जुळले नाहीत तर तुमच्या व्याख्या कच्च्या आहेत. वर्ल्ड रग्बीच्या साईटवर नियमांची परीक्षा फुकट देता येते, ती आधी द्या.

नोकरीचं खरं सांगते, आपल्याकडे रग्बीत अशी पदं कमीच, आणि खेळ बहुतेक सेव्हन्सचा (सात-सात जणांचा), २०२५ ला मुंबईत सुरू झालेली रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच. त्यात स्क्रम तिघांचा, म्हणजे वेगळा बॅक रो नाहीच. पण कोडिंगची हीच सवय मला कबड्डीच्या कामात लगेच उपयोगी पडली, सध्या घर त्यावर चालतं, आणि रग्बी रात्री.

सुरुवातीला फायनल घेऊ नका. ज्या मॅचमध्ये कार्ड नाही, पाऊस नाही, दोन्ही ओपनसाईड पूर्ण ८० मिनिटं खेळलेत अशी एक शोधा, फक्त फर्स्ट हाफ कोड करा आणि मला पाठवा, रविवारी ग्राउंडवर बसून सोबत बघू.