आर्किटेक्टचं ऑफिस सांभाळत बिझनेसचा अभ्यास कसा करावा

बी.आर्च.ची पाच वर्षं संपली, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन हातात आलं, की राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात एक छोटं ऑफिस, एक ज्युनिअर आणि दोन-तीन बंगले एवढ्यावर कोल्हापुरातली प्रॅक्टिस सुरू होते. प्लॅन चांगले निघतात, पण फी मात्र शेजारच्या ऑफिसचा दर ऐकून ठरते. इथे बिझनेसचा अभ्यास खरोखर कामाला येतो, पण एका अटीवर. पुस्तकातल्या उदाहरणाच्या जागी दर आठवड्याला स्वतःच्या ऑफिसचे आकडे घालायचे. ते केलं नाही तर डिग्री भिंतीवर लागते आणि फी आहे तिथेच राहते.

कोर्स कोणता घ्यावा

पूर्णवेळ एमबीए शिवाजी विद्यापीठात आहे, सायबर या कोल्हापुरातल्याच संस्थेत आहे. त्यासाठी सीईटी द्यावी लागते आणि रोजची हजेरीही आली. साइट चालू असताना या वाटेला जाऊ नये. स्लॅबचं काँक्रीट आणि लेक्चर एकाच सकाळी आलं की नुकसान साइटचंच होतं. प्रॅक्टिस करणाऱ्याला दूरशिक्षण सोयीचं. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा एमबीए कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पुरा करता येतो, म्हणजे कामाचा लोंढा आला तर एखादी परीक्षा पुढे ढकलता येते. दूरशिक्षणाचा कोणताही कोर्स घेताना त्या वर्षीच्या प्रवेशाला यूजीसीची मान्यता आहे का, ते फी भरण्याआधी पाहा. एम.आर्च. करत असाल तरी अडचण नाही. एक पदवी पूर्णवेळ आणि दुसरी दूरशिक्षणाने एकाच वेळी घ्यायला यूजीसीने २०२२ पासून परवानगी दिली आहे.

तरीही सुरुवात एमबीएने करू नका. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर कॉस्ट अकाउंटिंगचा, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचा, आठ किंवा बारा आठवड्यांचा एक कोर्स घ्या. व्हिडिओ फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे. साइट सांभाळून तेवढा पुरा झाला तर मोठ्या कोर्सला हात घालायला हरकत नाही. विषयांचा क्रमही ठरवून घ्या: आधी कॉस्टिंग, मग कॅश फ्लो (पैसा कधी येतो-जातो त्याचा हिशेब), मग करार, मग माणसांची आणि कामाची आखणी. मार्केटिंग सगळ्यात शेवटी.

तासाचा खर्च काढा

सगळ्या अभ्यासाचा पाया हाच. समजा महिन्याचं भाडं १२,०००, ज्युनिअरचा पगार २२,०००, सॉफ्टवेअर, वीज, नेट मिळून ८,०००, पेट्रोल आणि प्रिंट ८,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार ५०,०००. एकूण १ लाख. स्वतःचा पगार खर्चात धरायचाच. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो, कारण 'उरेल ते आपलं' म्हटलं की तोटा दिसतच नाही.

आता तास. महिन्याचे तुमचे १७६ तास धरले तर त्यातले प्रत्यक्ष कामावर लागतात १०५ च्या आसपास. बाकीचे जातात फोन, बँक, महापालिकेत वाट पाहणं आणि अभ्यास यात. ज्युनिअरचे १९२ पैकी १४५ धरा. मिळून २५० तास. म्हणजे तासाला ४०० रुपये खर्च. त्यावर २० टक्के नफा धरला की दर ४८० रुपये.

हा दर एका बंगल्यावर लावून पाहू. २,००० चौरस फूट, बांधकामाचा दर २,२०० रुपये, म्हणजे ४४ लाखांचं काम. तास साधारण असे पडतात:

मोजमाप आणि गरजा समजून घेणं १२
कन्सेप्ट आणि दोन फेरबदल ५०
परवानगीची ड्रॉइंग आणि फाइल ४५
आरसीसी कन्सल्टंटशी ताळमेळ २०
वर्किंग ड्रॉइंग ११०
एस्टिमेट आणि ठेकेदारांच्या दरांची तुलना २५
साइटच्या ३६ फेऱ्या, जाऊन-येऊन तीन तास, १०८
मीटिंगा आणि किरकोळ ३०

बेरीज ४०० तास. नुसता खर्च १,६०,००० आणि योग्य फी १,९२,०००. बाजारात 'तीन टक्के घ्या की' म्हणतात, ते होतात १,३२,०००. म्हणजे काम मिळालं आणि खिशातून २८,००० गेले. चार टक्क्यांनी १,७६,००० येतात, खर्च निघतो पण नफा निम्म्यावर येतो. हे आकडे तुमच्या ऑफिसचे नसतील, पण रीत हीच. त्यासाठी दोघांनीही रोज संध्याकाळी पाच मिनिटं काढून प्रोजेक्ट, काम आणि तास एवढे तीनच रकाने भरावेत. दहा रकाने केले तर आठवड्यात वही बंद पडते. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेले तासही कामाचे नाहीत. साइटच्या फेऱ्या लक्षात राहतात, फेरबदल विसरले जातात, आणि पैसा नेमका फेरबदलांतच मुरतो.

म्हणून नेमणुकीच्या पत्रात दोन फेरबदल फीमध्ये, तिसऱ्यापासून तासाप्रमाणे, असं स्पष्ट लिहा. साइटच्या फेऱ्यांचा आकडाही घाला.

फीचे टप्पे कशाला बांधायचे

नेमणुकीला १० टक्के, कन्सेप्ट पसंत पडल्यावर १५, परवानगीची फाइल दाखल करताना २०, वर्किंग ड्रॉइंग देताना २५, उरलेले ३० स्लॅब, गिलावा आणि काम पूर्ण या तीन वेळी दहा-दहा. परवानगीचा टप्पा फाइल दाखल करण्याला बांधा, मंजुरीला नको. मंजुरी मोजणीच्या 'क' प्रतीसाठी (जमिनीच्या सरकारी मोजणीचा नकाशा), सातबाऱ्यावरच्या एखाद्या नावासाठी किंवा बिगरशेतीसाठी अडकते. यातलं काहीच तुमच्या हातात नसतं, पण पगार तर दर महिन्याला द्यावाच लागतो.

प्लॉटची तपासणी हे वेगळं, पैसे घेऊन करायचं काम ठेवा. पंचगंगेच्या पट्ट्यात तर ते हवंच. पूररेषा दोन असतात: नदीजवळची निळी आणि मोठ्या पुराची, तिच्याबाहेरची लाल. निळ्या पूररेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. निळी आणि लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. भराव आणि जोत्याचा हा खर्च प्लॉट घेण्याआधी कळला तर घेणाऱ्याचे काही लाख वाचतात. त्या माहितीची फी मागायला संकोच नको.

पैसा कधी येतो

कॅश फ्लोचं कोष्टक बारा महिन्यांचं नको, पुढच्या तेरा आठवड्यांचं करा आणि दर सोमवारी पुढे सरकवा. इथला पैसा इथल्या हंगामाने फिरतो. करवीर, कागल, शिरोळकडच्या शेतकऱ्याच्या बंगल्याचा हप्ता बऱ्याचदा उसाच्या बिलावर असतो. गळीत साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणून त्याचे टप्पे डिसेंबर ते एप्रिलमध्ये बसवा. जूनपासून साइट मंदावते, पितृपक्षात कुणी कुदळ मारत नाही, आणि दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला भूमिपूजनं एकदम येतात. पावसाळ्यासाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. अभ्यासाचा मोठा भागही त्याच महिन्यांत उरका, कारण मार्चमध्ये पुस्तक उघडायला वेळ मिळणार नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचं काम असेल तर फीतून १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात. कोष्टकात ९० च लिहा, उरलेले रिटर्न भरताना हिशेबात येतात. अशी कामं घेण्याआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती फुकट आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं, असा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज लागतं. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते आणि १८ टक्के वेगळे दाखवावे लागतात. 'फी सगळं धरून' असं आधी लिहून बसलात तर ते १८ टक्के तुमच्याच फीतून जातात.

मार्केटिंगचा धडा जपून

एमबीएच्या पुस्तकातलं मार्केटिंग जसंच्या तसं इथे लागू होत नाही. आर्किटेक्टच्या वर्तनाच्या १९८९ च्या नियमांनुसार आपल्या सेवेची जाहिरात करता येत नाही. साइटवर नावाची पाटी लावता येते, पण अक्षरं १० सेंटीमीटरपेक्षा उंच नकोत. टाइल्स, प्लायवूड किंवा सॅनिटरीच्या दुकानाकडून कमिशन घेणंही याच नियमांत बसत नाही. फी कमी ठेवून कमिशनवर भागवू, हा हिशेब मनातही धरू नका. त्यात घरमालकाला माल महाग पडतो आणि तुमच्या सल्ल्याची किंमत जाते. नवं काम आणायचं असेल तर पूर्ण झालेल्या बंगल्याच्या मालकाला दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोन करा, गळती आणि भेगा स्वतः जाऊन बघा.

दुसरा ज्युनिअर कधी

तासांची वही इथे पुन्हा लागते. सलग तीन महिने दोघांचे मिळून कामावरचे तास धरलेल्या २५० च्या पुढे जात असतील आणि तेरा आठवड्यांच्या कोष्टकात नव्या पगाराची सोय दिसत असेल, तरच माणूस घ्या. तास वाढलेत पण पैसे दिसत नाहीत, तर आधी तपासा की जादा तास फेरबदलांत गेलेत का. तसं असेल तर नवा ज्युनिअर तेच फुकटचे फेरबदल करत बसेल. तेव्हा पुढच्या कामाचं पत्र सुधारा.